रिपोर्ट निगेटिव्ह, तरी इंजेक्शनं चालू : नवजात बाळांचा सेप्सिस समजून घेताना



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, विषय कसा निवडू, असं विचारणारे बरेच मेसेज गेल्या काही दिवसांत आले. विषय कसा निवडावा यावर भाषण देण्यापेक्षा मी आज माझाच विषय तुमच्यासमोर उलगडून ठेवते. त्यात कुठे काय अडतं ते बघा. तुमचा विषय वेगळा असेल, पण अडण्याच्या जागा बऱ्याचदा त्याच असतात.

सुरुवात एका फोनपासून. रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन आला. तिला आठव्या महिन्यातच मुलगी झाली होती, वजन दीड किलोच्या आत. बाळ पेटीत होतं. ती म्हणाली, "ताई, काल बाळाने दूध घेणं बंद केलं, अंग गार पडलं. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन दिसतंय. आज रक्ताचा रिपोर्ट आला, तो निगेटिव्ह आहे. मग इंजेक्शनं कशाला चालू ठेवलीत? तू यावरच पीएचडी करतेयस ना, सांग ना."

तीन वर्षं मी याच विषयावर वाचतेय, आणि मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. "डॉक्टर बरोबर करतायत, बंद करायला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. हा लेख म्हणजे त्या रात्री द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

१. सेप्सिस म्हणजे नेमकं काय?

संसर्ग आणि सेप्सिस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जंतू शरीरात शिरून वाढायला लागले की तो संसर्ग. त्या जंतूंना तोंड देताना शरीराचा स्वतःचा प्रतिसाद इतका बिघडतो की अवयवच काम सोडायला लागतात, तेव्हा तो सेप्सिस. २०१६ मध्ये प्रौढांसाठी जी नवी व्याख्या आली तिचा गाभा हाच आहे. मुलांसाठी २०२४ मध्ये 'फिनिक्स' निकष जाहीर झाले. पण जन्मानंतर अजून रुग्णालयातच असलेली नवजात बाळं आणि ३७ आठवडे पूर्ण न झालेली बाळं त्या निकषांतून बाहेर ठेवली आहेत.

म्हणजे ज्या वयात सेप्सिसचा धोका सर्वात जास्त, त्याच वयासाठी सर्वांना मान्य अशी व्याख्या नाही. कोणी रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू वाढला तरच सेप्सिस धरतं. कोणी लक्षणं आणि रक्ततपासण्या मिळून धरतं. कोणी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं गेलं म्हणजे सेप्सिस होता, असं मानतं. अशा दोन पेपरमधले टक्के शेजारी शेजारी ठेवले तर ती तुलना आंबा आणि कैरीची नाही, आंबा आणि नारळाची होते.

त्यामुळे पहिला धडा इथेच घ्या. कुठलाही पेपर वाचताना निष्कर्षाआधी 'मेथड्स'मधली व्याख्या शोधा. स्वतःच्या सिनॉप्सिसमध्येही 'आम्ही सेप्सिस कशाला म्हणणार' हे आधी लिहा, उद्दिष्टं नंतर.

वेळेनुसार एक विभागणी मात्र सर्रास वापरली जाते. जन्मानंतर ७२ तासांच्या आत लक्षणं दिसली तर लवकरचा सेप्सिस, त्यानंतर दिसली तर उशिराचा. पुस्तकी समज अशी की लवकरच्या सेप्सिसचे जंतू आईच्या जननमार्गातून येतात आणि उशिराच्याचे रुग्णालयातून किंवा घरातून. ही समज लक्षात ठेवा, पुढे ती अडचणीत येणार आहे.

२. कमी दिवसांच्या बाळाचं नेमकं काय कमी असतं?

'प्रतिकारशक्ती कमी असते' हे उत्तर परीक्षेत चालेल, संशोधनात नाही. नेमकी कुठली गोष्ट कमी, हे सांगता आलं पाहिजे.

पहिलं, आईकडून आलेली शिदोरी. आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांना वारेतून बाळाकडे नेणारा एक खास रिसेप्टर असतो. ही वाहतूक मुख्यतः शेवटच्या तिमाहीत होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकं, कधी आईपेक्षाही जास्त असतं. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला जन्मलेलं बाळ ही शिदोरी पुरी बांधून व्हायच्या आतच घराबाहेर पडलेलं असतं.

दुसरं, त्वचा. त्वचेचा सर्वात वरचा, पाणी आणि जंतू अडवणारा थर साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास तयार होत येतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा पातळ असते, चिकटपट्टी काढतानाही सोलवटते. त्यात सलाइनची सुई, नाळेतून घातलेली नळी, श्वासाची नळी. प्रत्येक नळी म्हणजे जंतूंसाठी उघडं दार, आणि त्याच नळ्यांवर बाळ जगत असतं.

तिसरं, न्यूट्रोफिल. जंतू गिळणाऱ्या या पेशींचा अस्थिमज्जेतला राखीव साठा नवजात बाळात लहान असतो. मोठा संसर्ग झाला की तो लवकर संपतो. म्हणून मोठ्या माणसाच्या संसर्गात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, तर अशा बाळात त्या घटलेल्या दिसू शकतात.

चौथं, प्रतिसादाची दिशा. गर्भात असताना बाळाला आईच्या पेशींशी भांडायचं नसतं. त्यामुळे त्याची प्रतिकारयंत्रणा दाहाला आवर घालण्याच्या बाजूने झुकलेली असते. जन्मानंतरही काही काळ हा कल टिकतो आणि आयएल-१२, इंटरफेरॉन-गॅमा यांसारखे संदेश कमी तयार होतात. याला 'कमतरता' म्हणायचं की 'त्या वयाला साजेशी रचना', यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जन्मल्या जन्मल्या कोट्यवधी जंतू आतड्यात वस्तीला येतात. त्या प्रत्येकाशी लढाई पुकारली असती तर बाळाचं अवघड झालं असतं.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे लक्षणं फसवी असतात. मोठ्या माणसाला ताप येतो, हुडहुडी भरते. हे बाळ गार पडतं, मलूल होतं, दूध ओढत नाही, मध्येच श्वास थांबवतं. आणि यातली प्रत्येक गोष्ट सेप्सिस नसतानाही होऊ शकते. रक्तातली साखर उतरली तरी बाळ मलूल होतं. फक्त दिवस कमी आहेत म्हणूनही श्वास थांबतो. माझ्या बहिणीने फोनवर सांगितलेली दोन्ही लक्षणं या यादीत होती.

३. एक मिलिलिटर रक्त

निदानाची खात्रीची पद्धत म्हणजे ब्लड कल्चर. रक्त बाटलीत घालायचं, उबदार ठेवायचं आणि जंतू वाढतात का ते बघायचं. ऐकायला सोपं आहे, पण इथे दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे रक्ताचं प्रमाण. बाळाच्या रक्तात जंतूंची संख्या कमी असेल तर घेतलेल्या नमुन्यात एकही जंतू न येण्याची शक्यता असते. म्हणून निदान एक मिलिलिटर रक्त घ्यावं असं सांगतात. आता हिशेब करा. एक किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण ८५ ते ९० मिलिलिटर. म्हणजे एक मिलिलिटर हे एक टक्क्याहून जास्त झालं. तुमच्या-माझ्या अंगातून एका वेळी पन्नासेक मिलिलिटर काढण्यासारखं ते आहे. रात्री अडीच वाजता, केसाएवढ्या शिरेतून एवढं रक्त मिळतंच असं नाही.

दुसरी अडचण म्हणजे प्रसूतीआधी आईला अँटिबायोटिक दिलं असेल तर बाटलीतला जंतू वाढणार नाही असंही होऊ शकतं. त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आलं तर अर्थ दोन निघतात : सेप्सिस नाही, किंवा आहे पण सापडला नाही. माझ्या बहिणीच्या प्रश्नाची पहिली गाठ इथे आहे.

मग आपण दुसऱ्या खुणा शोधतो. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. दाह सुरू झाल्यावर ते रक्तात नीट वाढलेलं दिसायला साधारण दहा-बारा तास लागतात. म्हणजे बाळ आजारी दिसलं त्या क्षणी केलेला सीआरपी नॉर्मल आला तर त्यावर विसंबता येत नाही. प्रोकॅल्सिटोनिन लवकर वाढतं, पण त्याची गंमत अशी की ते निरोगी बाळातही जन्मानंतर पहिल्या दिवशी आपोआप वाढतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. प्रौढांची नॉर्मल मर्यादा इथे लावली तर पहिल्या दिवशी बरीच निरोगी बाळं 'आजारी' ठरतील. वयाच्या तासांनुसार मर्यादा बदलावी लागते.

आता कागद-पेन घ्या. हे आकडे फक्त समजण्यासाठी मी मानलेले आहेत. समजा १,००० बाळांवर सेप्सिसचा संशय आहे आणि त्यातल्या १०० जणांना तो खरंच आहे. तपासणीची सेन्सिटिव्हिटी ८० टक्के आणि स्पेसिफिसिटी ८० टक्के.

आजारी १०० पैकी पॉझिटिव्ह येतील ८०, निसटतील २०.
निरोगी ९०० पैकी निगेटिव्ह येतील ७२०, उगाच पॉझिटिव्ह येतील १८०.

एकूण पॉझिटिव्ह २६०, त्यात खरोखर आजारी ८०. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट असलेल्या दहा बाळांपैकी साधारण तिघांनाच सेप्सिस आहे. उलट निगेटिव्ह ७४०, त्यात आजारी २०, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी.

तीन टक्के ऐकायला कमी वाटतात ना? पण ती वीस बाळं आहेत, आणि कमी दिवसांच्या बाळाची तब्येत काही तासांत ढासळू शकते. म्हणून डॉक्टर आधी उपचार सुरू करतात आणि मग कल्चर, लक्षणं, पुन्हा केलेला सीआरपी हे सगळं एकत्र बघून थांबायचं की चालू ठेवायचं ते ठरवतात. बाळ अजून मलूल असेल तर नुसता निगेटिव्ह कागद पुरत नाही. ही बहिणीच्या प्रश्नाची दुसरी गाठ.

याची किंमतही आहे. निरोगी बाळांना विनाकारण अँटिबायोटिक मिळतं, आतड्यातली जंतूंची घडी विस्कटते, औषधांना दाद न देणारे जंतू बळावतात. कल्चर निगेटिव्ह असताना खूप दिवस अँटिबायोटिक मिळालेल्या अतिशय कमी वजनाच्या बाळांत आतड्यांचा गंभीर आजार आणि मृत्यू जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. पण थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांनी औषध जास्त दिवस दिलं ते कदाचित त्या बाळांची तब्येत मुळातच जास्त वाईट होती म्हणून. याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

४. पाठ्यपुस्तक कुठल्या देशाचं आहे?

आपण वाचतो त्या बऱ्याच पुस्तकांत लवकरच्या सेप्सिसचा मुख्य जंतू म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस येतो. अमेरिकेत ते खरं होतं. तिथे १९९० च्या सुमारास दर हजार जन्मांमागे सुमारे १.८ बाळांना या जंतूचा लवकरचा संसर्ग होत होता. गरोदरपणात तपासणी आणि प्रसूतीच्या वेळी आईला अँटिबायोटिक, या धोरणानंतर २०१५ पर्यंत हे प्रमाण ०.२३ पर्यंत खाली आलं. प्रतिबंधाचं हे फार चांगलं उदाहरण आहे.

पण आपल्याकडचं चित्र? २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'डेनिस' नावाचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. तिथल्या ८८,६३६ जन्मांपैकी अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांचा मागोवा घेतला गेला. १४.३ टक्क्यांना सेप्सिस, ६.२ टक्क्यांना कल्चरने सिद्ध झालेला. सापडलेल्या जंतूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रॅम-निगेटिव्ह : असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय. त्यातही असिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के आणि क्लेबसिएलाच्या ५४ टक्के नमुन्यांवर एकाहून अधिक गटांतली औषधं चालत नव्हती.

आता ती मघाची समज आठवा. सुमारे दोन तृतीयांश प्रसंग पहिल्या ७२ तासांतले होते, आणि लवकरच्या व उशिराच्या सेप्सिसचे जंतू साधारण सारखेच निघाले. जंतू सारखे असतील तर 'लवकरचा म्हणजे आईकडून' असं सरळ म्हणता येत नाही. प्रसूतिगृहातले हात, सक्शनची नळी, पाणी, पृष्ठभाग, हे सगळं संशयाच्या घेऱ्यात येतं.

याच अभ्यासातून एक सवय लावून घ्या. १४.३ टक्के हे 'जन्मलेल्या' बाळांचे नाहीत, 'दाखल झालेल्या' बाळांचे आहेत. तेच १,९३० च्या आसपास रुग्ण एकूण जन्मांवर भागले तर प्रमाण २ टक्क्यांच्या थोडं वर येतं. दोन्ही आकडे खरे, पण प्रश्न वेगळे. मी सेमिनारमध्ये 'भारतात १४ टक्के नवजात बाळांना सेप्सिस होतो' असं वाक्य स्लाइडवर पाहिलंय. छेद न बघता अंश उचलला की असं होतं.

५. गडचिरोलीने काय दाखवलं

प्रयोगशाळाच नसेल तर काय करायचं? हा प्रश्न आपल्याच राज्यात विचारला गेला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरी होत. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, स्तनपानाला मदत, आणि सेप्सिस ओळखून उपचार करणं.

ओळखायचा कसा? कल्चर नाही, सीआरपी नाही. लक्षणांची एक छोटी यादी : आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, दूध ओढणं मंदावलं, बाळ सुस्त झालं, अंग गार किंवा गरम लागतंय, पोट फुगलं, नाळ किंवा त्वचा पिकली, छाती आत ओढली जातेय. एकापेक्षा जास्त लक्षणं एकाच वेळी दिसली की सेप्सिस मानायचा. बघा, यातली बरीच लक्षणं 'आधी असं होतं, आता असं नाही' या भाषेत आहेत. हे आई सर्वात आधी सांगू शकते. उपचार म्हणजे जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्साझोल.

१९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे २५.५, तुलनेच्या गावांत ५९.६. आधीचा फरक हिशेबात घेऊन घट सुमारे ६२ टक्के. सेप्सिस झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण उपचारांआधी १६.६ टक्के होतं, ते २.८ टक्के झालं. देशभर आशा कार्यकर्त्या आज बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघतात, त्या कार्यक्रमामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

काम कितीही मोठं असलं तरी संशोधक म्हणून आपण त्याला प्रश्न विचारायचेच. तो अनादर नसतो. गावं चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, मग दोन भागांत आधीपासून काही फरक होता का? पायाभूत आकडे बघा. सेप्सिसचा २.८ टक्के हा आकडा ७१ बाळांमधल्या २ मृत्यूंचा आहे. दोनऐवजी चार झाले असते तर तो दुप्पट झाला असता, म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हल बघायचा. कल्चर नसताना काही 'सेप्सिस' दुसरेच आजार असू शकतात. पण एकूण मृत्युदराला व्याख्येची ही अडचण येत नाही, मृत्यू मोजताना वाद नसतो. म्हणूनच निष्कर्षाचा मुख्य भार मृत्युदरावर ठेवला तर तो जास्त पक्का राहतो. परिणाम मोजण्यासाठी काय निवडावं, याचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

६. तर्क बरोबर, निकाल उलटा

आता दुसऱ्या भागातली आयजीजीची शिदोरी आठवा. ती कमी असते, तर बाहेरून दिली की झालं! तर्क अगदी चोख. म्हणून 'आयनिस' या चाचणीत गंभीर संसर्ग झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या ३,४९३ बाळांना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लासिबो दिलं. २०११ चा निकाल : दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा मोठं अपंगत्व दोन्ही गटांत ३९ टक्के. काडीचा फरक नाही.

आईच्या दुधात, विशेषतः चिकात, लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारं प्रथिन असतं. मग गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन देऊन पाहिलं. ब्रिटनमधल्या 'एल्फिन' चाचणीत ३२ आठवड्यांआधी जन्मलेली २,२०३ बाळं होती. २०१९ चा निकाल : उशिराचा संसर्ग लॅक्टोफेरिन गटात २९ टक्के, दुसऱ्यात ३१. तेवढा फरक योगायोगानेही पडतो.

सर्वात हादरवणारी गोष्ट १९५६ ची आहे. न्यूयॉर्कमध्ये डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांना संसर्ग टाळण्यासाठी द्यायच्या दोन औषधयोजनांची तुलना केली. पेनिसिलिन आणि सल्फा ही तेव्हाची रुळलेली योजना. दुसरी ऑक्सिटेट्रासायक्लिनची. रुळलेल्या योजनेच्या गटात जास्त बाळं दगावली आणि कर्निक्टेरस, म्हणजे काविळीने मेंदूला होणारी इजा, जास्त आढळली. कारण पुढे उलगडलं : ते सल्फा औषध अल्ब्युमिनवरची बिलिरुबिनची जागा बळकावतं आणि सुटलेलं बिलिरुबिन मेंदूत जातं. चाचणी झाली नसती तर चांगल्या हेतूने तेच देत राहिले असते.

आणि जमलेला प्रयोग? ओडिशातल्या गावांमध्ये ४,५५६ बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि त्याचं खाद्य, किंवा प्लासिबो दिलं. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला : सेप्सिस किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर. पण कोणत्या बाळांमध्ये? निदान दोन किलो वजनाच्या आणि ३५ आठवडे झालेल्या. माझ्या भाचीसारखी बाळं त्यात नव्हतीच. अगदी लहान बाळांना प्रोबायोटिक दिल्यावर तोच जंतू रक्तात वाढल्याची उदाहरणं आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल रुग्णालयांना इशाराही दिला. एका गटातला निकाल दुसऱ्या गटाला लावताना जपून.

७. माझी चूक

दुसऱ्यांच्या अभ्यासांवर एवढं बोलले, आता स्वतःचं सांगते.

पहिल्या वर्षी मी रक्तातलं एक प्रथिन सेप्सिसची खूण म्हणून तपासत होते. एका गटात कल्चर पॉझिटिव्ह बाळांचे उरलेले नमुने, दुसऱ्या गटात बाळंतिणींच्या वॉर्डातली निरोगी बाळं. आलेख इतका देखणा आला की दोन्ही गटांचे ठिपके एकमेकांत मिसळतच नव्हते. मी हुरळून गेले. ग्रुप मीटिंगला पेढेच न्यायचे बाकी होते.

गाइडनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "या दोन गटांची सरासरी वजनं काय आहेत?"

आजारी गट दीड किलोच्या आसपासचा, निरोगी गट पावणेतीन किलोचा. मी सेप्सिस मोजत नव्हते, मी अपुरे दिवस मोजत होते. आणि समजा प्रथिन खरंच सेप्सिसचं असतं, तरी प्रश्न चुकीचाच होता. ठणठणीत बाळ आणि कल्चर पॉझिटिव्ह बाळ यांच्यात फरक करायला तपासणी कशाला हवी, ते बघूनही कळतं. डॉक्टर अडतात ते वेगळ्या जागी : दोन बाळं, दोन्ही मलूल, दोन्ही तेवढ्याच दिवसांची, एकाला सेप्सिस आहे आणि एकाला नाही. या चुकीला स्पेक्ट्रम बायस म्हणतात, हे नाव मी सेट-नेटसाठी पाठ केलं होतं. पाठ असणं आणि ओळखता येणं यांत माझे आठ महिने गेले.

वाया गेले ते फक्त महिने नव्हेत. निरोगी गटातल्या प्रत्येक बाळासाठी मी एका आईची संमती घेतली होती. "थोडंच रक्त लागेल, पुढे दुसऱ्या बाळांना उपयोग होईल," असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्या आलेखाचा कुठल्याच बाळाला उपयोग झाला नाही. अभ्यासाची आखणी चुकली तर तो फक्त तांत्रिक दोष राहत नाही, दिलेला शब्द मोडतो.

८. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा

१. मुख्य संज्ञेची तुमची व्याख्या एका वाक्यात लिहा. लिहिता येत नसेल तर अजून वाचन बाकी आहे.

२. तुमचा तुलनेचा गट त्याच कोंडीतला आहे का, जिथे निर्णय घ्यावा लागतो? सोपा गट निवडला की आलेख देखणा येतो आणि खोटा ठरतो.

३. प्रत्येक टक्क्याखाली छेद लिहा. कशातले किती?

४. 'यंत्रणा समजली म्हणजे उपाय चालेल' हे गृहीत धरू नका. इम्युनोग्लोब्युलिनची गोष्ट आठवा.

५. परदेशी पुस्तकातला जंतू, मर्यादा किंवा वजन आपल्याकडे लागू आहे का, ते तपासा.

६. नमुना किती मिलिलिटर, कोणाच्या अंगातून आणि त्यातून कुठला निर्णय बदलणार? एथिक्स कमिटी विचारेल म्हणून नको, तुम्हाला उत्तर माहीत हवं म्हणून.

शेवटी

भाचीला एकूण सात दिवस इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी ती पुन्हा दूध घ्यायला लागली, महिन्याभराने घरी आली. आता बारसंही झालंय. बहिणीने परवा विचारलं, "मग तिला नक्की सेप्सिस होता का गं?"

मी सांगितलं, "माहीत नाही." कल्चरमध्ये काही वाढलं नाही, सीआरपी थोडा वाढला होता, बाळ औषधाने सुधारलं की तसंही सुधारणार होतं, हे एका बाळावरून कुणालाच सांगता येणार नाही. ती गप्प झाली, मग म्हणाली, "एवढं शिकून माहीत नाही?"

तर मित्रांनो, माझा विषय म्हणजे हेच 'माहीत नाही'. ते थोडं तरी कमी व्हावं, पुढच्या बाळाला औषध लागणार असेल तर तासभर आधी कळावं, लागणार नसेल तर दोन दिवस आधी थांबवता यावं, एवढ्यासाठी हे चाललंय. तुमच्या विषयात तुमचं 'माहीत नाही' नेमकं कुठे आहे, ते शोधा. ते सापडलं की सिनॉप्सिसचं पहिलं पान सापडलं.

पुढच्या लेखात सॅम्पल साइज कसा काढायचा ते बघू. तोपर्यंत वरचं १,००० बाळांचं गणित ५ टक्के आणि ३० टक्के रुग्ण धरून पुन्हा करून बघा. उत्तरं कशी बदलतात ते जरूर कळवा.